शकुंतला गाडी आणि आजीची मुक्तागिरी



माझं माहेर कारंजा लाडचं. आजीसोबत मुक्तागिरीला जायचं म्हणजे आधी शकुंतलेनं मूर्तिजापूर, तिथं गाडी बदलून अचलपूर, मग परतवाड्यावरून पुढे. गाडी फार संथ. दशम्यांचा डबा सूर्यास्ताआधी संपायला हवा, म्हणून आजीचं सारं लक्ष खिडकीतल्या उन्हाकडे असे.

ही गाडी यात्रेकरूंसाठी आलीच नव्हती. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात पोचावा म्हणून इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीनं हे अडीच फुटी रूळ टाकवले. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर 76. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, गाडी मात्र आपली रेल्वे चालवायची. मँचेस्टरला 1921 साली घडलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. पुढे कापूस ट्रकमधून जाऊ लागला, रूळ जुने झाले आणि गेल्या दशकात गाडी थांबली.

मी कॉमर्स शिकलेली, तोट्याचा हिशेब मला कळतो. पण एक रक्कम त्या वहीत कधी जमा झालीच नाही. आजी विधवा होती, हाती पैसा थोडा. तरी कुणालाही "मला नेऊन सोड" न म्हणता ती दरवर्षी दर्शनाला जाई.

आज माझ्या दारात मोटार आहे. मुक्तागिरीला जायचं तर मी मुलाच्या सुट्टीची वाट बघते.