मृत्यूची भरपाई

वाळपई-होंडा परिसराने खनिज वाहणाऱ्या ट्रकांची वर्दळ पुष्कळ वर्षे पाहिली आहे. अशा वाटेवर घरचा कर्ता पुरुष दगावला, तर मागे राहिलेल्यांनी मागावयाचे काय? जुन्या इंग्रजी न्यायाप्रमाणे मनुष्य मेला की त्याचा दावाही मरे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५५च्या कायद्याने आश्रितांना भरपाईचा हक्क मिळाला. गोव्यात मात्र पोर्तुगीजांचा अंमल. तो १९६१ साली संपला आणि पुढे भारतीय मोटार कायदा येथे आला. दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय त्यात १९५६ सालीच झाली होती. तरीही चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे विधवेच्याच माथी! आडरस्त्यावर तिने साक्षीदार कोठून आणावा? १९८२ साली दोष न दाखविताही मृत्यूबद्दल १५,००० रुपये मिळण्याची तरतूद झाली. रक्कम तुटपुंजी खरी, पण तत्त्व मोठे.

याहून बिकट हिशेब गृहिणीचा. पगार नाही, म्हणून तिच्या श्रमाला मोल नाही, असेच पुष्कळदा धरले जाई. ते मोल धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. दाव्याची मुदत १९९४ साली उठली होती. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली, ती २०२२पासून अमलात आली. म्हणजे वर्षश्राद्धाच्याही आधी!