गोडं पाणी, खारं पाणी

आमची आजी चेंदणी कोळीवाड्यातली. ठाणे स्टेशनाला लागूनच हा कोळीवाडा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदराहून पहिली आगगाडी आली, ती तिच्या आजेसासूच्या सासूने पाहिली म्हणे. पिढ्यांचा हिशोब नीट जुळत नाही, पण घरात ऐकलं तसं सांगते.

आजीच्या लेखी प्रत्येक पाण्याला त्याचं काम ठरलेलं. विहिरीचं गोडं पाणी पिण्याचं. ते दुपदरी फडक्यातून गाळून हंड्यात पडायचं, मग तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवायचा. तांदळाच्या धुवणात भाजी धुवायची. मासळी धुतलेलं पाणी मात्र मोरीत ओतू द्यायची नाही, ते माडाच्या बुडाशी. बोईटाची खवलं, कोलंबीची टरफलंही तिथेच पुरायची. मांजरांचा वाटा आधी काढून. चुलीतली राख भांड्यांना. फेकायला उरायचंच काय!

पण सगळं सोनेरी नव्हतं. तेव्हा पाटीचे संडास होते. मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्या बाईला आजी दिवाळीला लाडू द्यायची, वरून, हाताला हात न लागता. म्हातारपणी हे तिला फार डाचायचं. "घान आपली, नि लांब तिला ठेवली. ह्यो काय न्याय?" माणसाकडून मैला वाहून घ्यायला बंदी करणारा कायदा व्हायला १९९३ उजाडलं. आजी तेव्हा नव्हती.

नळ आला तशा विहिरी मागे पडल्या. ठाण्याच्या नळाला शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेलं पाणीही येतं. हीच उल्हास कल्याणपुढे खारी होते, डोंबिवली, मुंब्र्यावरून येऊन ठाण्याच्या उत्तरेने वसईला जाते आणि तिचा एक फाटा कळव्याकडून आमच्या खाडीला मिळतो. म्हणजे नळातून आलेली नदी मोरीतून पुन्हा दारात. कल्याणला दिलेल्या आत्याकडे जाताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं. तिकडचं आधारवाडीचं डम्पिंगही खाडीकाठीच. त्याचा कचऱ्याचा डोंगर साऱ्या कल्याणने वर्षानुवर्षं पाहिला. २०२१मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं.

आजोबा खाडीत डोल जाळं लावायचे. जिताडं मिळालं की त्या दिवशी आंबट कालवण, भाकरी आणि शेजारी एक वाटी हमखास. आता खाडीकाठच्या कोळ्यांना जाळ्यात मासळीआधी प्लास्टिक काढावं लागतं. तरी खाडी मेलेली नाही. फ्लेमिंगो येतात, २०१५मध्ये इथे त्यांचं अभयारण्य झालं आणि २०२२मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. नारळी पौर्णिमेला कोळीवाडा अजून वाजतगाजत नारळ वाहतो.

नारळ पाण्याचाच, तो जाऊ द्या. पण कळव्याच्या पुलावरून निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी भिरकावून हात जोडणारे दिसतात, त्यांना थांबवा. फुलं कुंडीत मातीआड करा नाहीतर निर्माल्य कलशात द्या, आणि पिशवी घरी परत न्या.