ओवी, कीर्तन आणि स्वस्त झालेला माइक

शाळेत संगणक आहे. गावातल्या वृद्ध स्त्रियांच्या ओव्या आणि एखाद्या बुवांचे कीर्तन त्यावर मुद्रित करून ठेवायचे आहे. हाताशी पैसे थोडेच आहेत. मग आधी काय घ्यावे? हा प्रश्न अनेक शिक्षकांना पडतो. दुकानदार त्याचे उत्तर किमतीच्या पाटीवरून देतो. आपण ते ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातून शोधून पाहू या.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला कलकत्त्यात आला. त्याच्या यंत्राला वीज लागत नसे. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाने पडदा कंप पावे, पडद्याला जोडलेली सुई हले आणि मेणाच्या फिरत्या तबकडीवर खाच उमटे. म्हणजे खाच कोरण्याची सारी ऊर्जा गळ्यातूनच यायची. दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. सुरुवातीच्या तबकड्या छापून यायच्या त्या थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. एवढा खटाटोप करायचा, तर कोणाचा आवाज टिकवायचा हे कंपनीच ठरवणार आणि विकला जाईल तोच आवाज निवडणार.

याच काळात, १९१७ साली, विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथे कीर्तन शिकायचे ते गुरुमुखातून आणि टिकायचे ते शिष्याच्या स्मरणात. दोन तासांचे कीर्तन तीन मिनिटांच्या तबकडीवर मावणारच नव्हते. पहाटे जात्यावर गायल्या जाणाऱ्या ओवीला तर गिऱ्हाईकच नव्हते.

१९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले. माइक आवाजाचे विजेत रूपांतर करतो, मग ती वीज हवी तेवढी वाढवता येते. आता गायकाला ओरडावे लागेना. १९३५ साली जर्मनीत चुंबकीय फितीचे यंत्र लोकांसमोर आले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने खिशात मावणारी कॅसेट आणली. तिच्यातली फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद होती आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने सरके. त्यामुळे मागे सतत ‘हिस्स’ असा आवाज येई. पण एका बाजूला अर्धा तास मावे. आपल्याकडे १९८०च्या दशकात कॅसेट घरोघर पोचली. कीर्तने, भजने, प्रवचने प्रथमच सलग ऐकायला मिळू लागली. मोठ्या कंपनीची परवानगी न घेता कोणालाही कोणाचाही आवाज टिपता येऊ लागला.

याच दशकात पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या कामातून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतल्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आळंदी, पंढरी, सासर-माहेर, शेत, भाऊ या सगळ्यांविषयी बायका जे बोलल्या ते कागदावर उतरले. पण ओवीची चाल, शब्द ओढण्याची लकब, दोघींनी मिळून गाताना एकीने सोडलेला सूर दुसरीने उचलणे, हे लेखणीने कसे टिपणार? १९९०च्या दशकात बर्नार बेल हे संगीताचे संगणकीय अभ्यासक या कामात सहभागी झाले. ओव्यांचा संगणकीय संग्रह उभा राहिला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. तोवर गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या होत्या आणि बहुतेक जाती कोपऱ्यात गेली होती. घरोघरी जाते फिरत होते तेव्हा यंत्र परवडत नव्हते. यंत्र परवडू लागले तेव्हा जाते थांबले.

आता संगणकाकडे वळू. संगणक आवाज साठवतो तो आकड्यांच्या रूपात. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि एखादे कंपन टिपायला त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरली. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या शिडीवरचे. १९८९च्या साउंड ब्लास्टर या लोकप्रिय ध्वनिपत्रात हीच शिडी ८ बिटांची, अवघ्या २५६ पायऱ्यांची होती. १९९२ साली त्याची १६ बिटांची आवृत्ती आली आणि घरचा संगणक सीडीच्या तोडीने आवाज साठवू लागला. अडचण होती जागेची. असा एकेरी आवाज तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा घेतो. त्या काळच्या घरगुती संगणकाची अख्खी हार्ड डिस्क त्यात भरून गेली असती. आज ६४ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हमध्ये असे १२० तास सहज मावतात. २००० सालापासून ऑडॅसिटी हा मुद्रण-संपादनाचा प्रोग्रॅमही फुकट मिळतो.

म्हणजे साठवण स्वस्त झाली, मोजमाप स्वस्त झाले. माइकही स्वस्त झाला, तो १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी केलेल्या शोधामुळे. कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पातळ पडदा त्यांनी वापरला. कॉलरला लावायचे बरेचसे साधे माइक याच जातीचे असतात.

तेव्हा खर्चाचा क्रम असा लावावा. संगणक आहे तोच चालेल. पहिले पैसे माइकवर घालावेत. तो यूएसबीने जोडायचा असला तर उत्तम, कारण संगणकाच्या पेटीतल्या विजेच्या खरखरीपासून आवाजाचे मोजमाप दूर राहते. दुसरे पैसे कान झाकणाऱ्या हेडफोनवर. मुद्रण चालू असताना काय बिघडते आहे ते त्याशिवाय कळत नाही. जुन्या कॅसेटी उतरवायच्या असतील तर ‘लाइन इन’ची सोय असलेली जोडणी पाहावी. टेपमधून येणारा संकेत माइकच्या संकेतापेक्षा कितीतरी जोरकस असतो आणि माइकच्या भोकात घातला की फाटतो.

बाकीचे काम बिनपैशाचे आहे. माइकचे अंतर निम्मे केले की थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता चौपट होते. खोलीतला घुमणारा आवाज मात्र साधारण तेवढाच राहतो. त्यामुळे चार हातांवरच्या महागड्या माइकपेक्षा वीतभर अंतरावरचा साधा माइक ओवी स्पष्ट टिपतो. विद्यार्थ्यांकडून एकच ओवी वीतभर, हातभर आणि चार हातांवरून मुद्रित करून घ्या. ध्वनीचा एक धडा आपोआप शिकून होईल. फरशीच्या खोलीत दोन गोधड्या टांगल्या की घुमारा कमी होतो. आळंदी-चाकण रस्त्यालगतच्या गावांत ट्रकचा आवाज टाळायचा तर वेळ पहाटेची निवडावी. ओवीची वेळही तीच. कीर्तनात टाळ-मृदंग एकदम उसळतात, म्हणून मुद्रणाची पातळी आधी सगळ्यांत मोठ्या आवाजावर बेतावी.

शेवटी, मुद्रण करण्याआधी गाणाऱ्या बाईंची संमती घ्यावी. नाव, गाव, तारीख त्यांनाच सुरुवातीला सांगायला लावावे. मूळ फाइल न दाबता, ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी आणि तिच्या तीन प्रती करून त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. माइकची किंमत पुढल्या वर्षी कदाचित आणखी उतरेल. जात्यावर प्रत्यक्ष गायलेल्या आजी मात्र दरवर्षी कमी होत आहेत. खरेदीची यादी पूर्ण होण्याची वाट न पाहता, असेल त्या साधनाने पहिली ओवी या महिन्यातच टिपावी.