मुलींची माध्यमिक शाळा : गुणवत्ता कशी तपासावी?

कोल्हापूर, प्रतिनिधी - दहावीचा निकाल लागला, की शाळांच्या फाटकांवर फलक झळकू लागतात. शंभर टक्के निकाल, विशेष प्रावीण्य मिळविलेल्या विद्यार्थिनींची छायाचित्रे आणि संस्थाचालकांचे अभिनंदन असा सगळा मजकूर त्यावर असतो. जूनमध्ये मुलीचा प्रवेश घ्यायला निघालेले पालक हाच फलक प्रमाण मानतात. शाळेची गुणवत्ता जोखण्यासाठी तो एक निकष जरूर आहे, पण पुरेसा नाही. मुलींच्या शाळेच्या बाबतीत तर तो दिशाभूल करणाराही ठरू शकतो. शाळेत आलेल्या किती मुली अखेरपर्यंत टिकल्या, हे तो सांगत नाही.

शाहूंच्या नगरीतील वारसा

हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसविली. त्याच सुमारास संस्थानातील स्त्री-शिक्षणाच्या अधीक्षकपदी त्यांनी रखमाबाई केळवकर यांची नेमणूक केली. रखमाबाईंच्या कन्या कृष्णाबाई यांना वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी दरबारचे साह्य दिले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम निघाला. पुत्रनिधनानंतर महाराजांनी आपल्या विधवा सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाची व्यवस्था केली. महाराजांच्या पश्चात १९२५ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. जी शिक्षणाबाहेर राहिली असती तिला आत आणणे, ही या शहराची शाळेविषयीची जुनी कसोटी आहे. आजही तीच लावावयास हवी.

‘सरकारी’ म्हणजे कोणती?

महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणाचा मोठा भार जिल्हा परिषदा आणि महापालिका उचलतात. माध्यमिक शिक्षण मात्र प्रामुख्याने खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांतून चालते. तेथे शिक्षकांचे वेतन शासन देते आणि व्यवस्थापन संस्थेकडे असते. कोल्हापुरात भवानी मंडपातील मेन राजाराम हायस्कूलसारखी जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळाही आहे. राज्यात मुलींना बारावीपर्यंत शुल्कमाफी आहे. त्यामुळे शाळा कोणत्याही व्यवस्थापनाची असो, शासनाच्या पैशावर चालत असेल तर तिला हिशेब विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. सार्वजनिक शाळा म्हणजे दुय्यम शाळा, हा समजही या शहरात टिकत नाही. जरगनगर येथील महापालिकेच्या प्राथमिक शाळेत प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे.

निकालाचा छेद पाहा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ शाळेत आठवीला ६० मुली होत्या. दहावीच्या परीक्षेला ४२ बसल्या आणि सर्व उत्तीर्ण झाल्या. निकाल शंभर टक्के. ‘ब’ शाळेतही आठवीला ६० मुली होत्या. तेथून ५७ परीक्षेला बसल्या, ५४ उत्तीर्ण झाल्या. निकाल सुमारे ९५ टक्के. फलकावर ‘अ’ शाळा सरस दिसते. परंतु आठवीचा पट आधार धरला, तर ‘अ’ शाळेने ६० पैकी ७० टक्के मुलींना दहावी पार करून दिली आणि ‘ब’ शाळेने ९० टक्के मुलींना.

आठवीचाच पट का धरावा, यालाही कारण आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला, म्हणजे आठवीपर्यंतच संरक्षण देतो. शालेय पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तकेही साधारणतः तेथेच थांबतात. नववीत कायद्याचे बोट सुटते आणि नेमक्या त्याच वयात घरी लग्नाचा विषय निघू लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेला होता. नववीतली गळती म्हणूनच केवळ शैक्षणिक बाब राहत नाही.

अर्थात, पटावरून कमी झालेली प्रत्येक मुलगी शाळाबाह्य झाली, असे नव्हे. काही मुली दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जातात. ‘यू-डायस प्लस’ प्रणालीत आता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद असते. शाळा सोडलेल्यांची नावे ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जातात आणि नवी शाळा ती तेथून आपल्याकडे घेते. कोणत्याच शाळेने न घेतलेल्या नावांचा शोध घेतला का, हा मुख्याध्यापकांना विचारावयाचा प्रश्न आहे. नववीत कच्च्या असलेल्या मुलींना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसण्याचा सल्ला दिला जातो का, हेही विचारावे. त्यामुळे शाळेचा निकाल उंचावतो, मुलगी मात्र वर्गाबाहेर जाते.

अधिकृत मोजमापे

शाळांच्या मूल्यमापनासाठी २०१५ मध्ये ‘शाळासिद्धी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. साधनसुविधा, अध्ययन-अध्यापन, विद्यार्थ्यांची प्रगती, शिक्षकांचा व्यावसायिक विकास, नेतृत्व, समावेशन-आरोग्य-सुरक्षितता आणि समाजाचा सहभाग ही ती क्षेत्रे होत. प्रत्येक मानकासाठी तीन स्तर असतात. अलीकडे राज्यात ‘एसक्यूएएएफ’ या नव्या आराखड्यानुसारही स्वयंमूल्यांकन घेतले जाते. या पद्धतींचा पाया शाळेने स्वतःच भरलेली माहिती हा आहे. त्यामुळे बाह्य मूल्यांकन झाले आहे का आणि दोन्हींच्या गुणांत किती तफावत आहे, हे पाहणे महत्त्वाचे.

‘असर’चा अहवाल ग्रामीण भागापुरता असतो, शाहूपुरीतील शाळेविषयी तो काही सांगणार नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेले ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी व नववीचे होते. ते नमुना पद्धतीचे असल्याने जिल्ह्याचे चित्र दाखविते, एकेका शाळेचे नाही. शाळेचे चित्र शाळेत जाऊनच पाहावे लागते.

मुलींच्या शाळेत विशेष काय पाहावे?

पहिली बाब स्वच्छतागृहांची. संख्या कागदावर असते; ती उघडी, स्वच्छ आणि पाण्याची सोय असलेली आहेत का, हे दुपारच्या सुट्टीनंतर पाहावे. सॅनिटरी नॅपकिनची उपलब्धता व विल्हेवाटीची सोय नसेल, तर त्याचा परिणाम हजेरीपटावर दिसतो.

दुसरी बाब सुरक्षिततेची. राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळांतून ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचा निर्णय घेतला. बालविवाह रोखणे आणि मुलींच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणे ही त्यांची कामे आहेत. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर सीसीटीव्हीबाबतच्या सूचना कडक झाल्या. पण कॅमेरा बसविणे सोपे, समितीची बैठक नियमित घेणे अवघड. म्हणून इतिवृत्त पाहण्यास मागावे.

तिसरी बाब शिक्षकांची. माध्यमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण अपेक्षित मानले जाते. तथापि, सरासरी प्रमाण योग्य असूनही गणित वा विज्ञानाचे पद रिक्त असू शकते. प्रयोगशाळेत मुली स्वतःच्या हाताने प्रयोग करतात, की शिक्षकांनी केलेला प्रयोग वहीत उतरवतात, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

चौथी बाब वेळापत्रकाची. शाहूपुरीला लागूनच मध्यवर्ती बसस्थानक आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पासवर ग्रामीण भागातील विद्यार्थिनी एसटीने शिकायला येतात. शाळा सुटण्याची व जादा तासांची वेळ बसच्या वेळेशी जुळते का? अंधार पडल्यावर घरी पोचणाऱ्या मुलीचे शिक्षण आधी धोक्यात येते.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

१. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुली होत्या आणि त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेला बसल्या?
२. उरलेल्या मुली कोठे गेल्या, याची नोंद आहे का?
३. दहावी उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जणींनी अकरावी, आयटीआय वा पदविकेला प्रवेश घेतला?
४. कोणत्या विषयांच्या शिक्षकांची पदे रिक्त आहेत आणि केव्हापासून?
५. सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कधी झाली?
६. सलग गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी कोण जाते आणि किती दिवसांनी?

ही माहिती शाळेकडे असतेच. ती मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ अन्वये जिल्हा परिषद, महापालिका व अनुदानित शाळांबाबत अर्ज करता येतो. मात्र बहुतेक वेळा त्याची गरज पडू नये. चांगल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सहाव्या प्रश्नाचे उत्तर कागद न पाहता देता येते. आपली गैरहजर मुलगी कोण, ती कोठे राहते आणि का आली नाही, हे ज्या शाळेला माहीत असते, त्या शाळेत आपली मुलगी घालण्यास हरकत नसावी. निकालाचा फलक त्यानंतर वाचावा.