घरट्यावरची ओपी

या मालिकेत आपण एरवी लढायांबद्दल बोलतो. आज एका झाडाच्या पहाऱ्याबद्दल बोलू.

निमित्त घरचंच आहे. आमच्या घराजवळ एका ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. गाव आणि झाड सांगणार नाही, का ते पुढे कळेल. नात म्हणाली, "आजोबा, कॅमेरा लावून लाइव्ह दाखवूया ना." कॅमेरा लावणं सोपं होतं. पण दाखवायचं की लपवायचं?

हाच पेच १९५८ साली स्कॉटलंडमध्ये जॉर्ज वॉटरस्टन यांना पडला होता. माणूस फौजी. १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले आणि कैदेतही पक्षी पाहत राहिले. (त्यांचे सोबती जॉन बक्स्टन यांनी तर छावणीतल्या निरीक्षणांवर पुढे पुस्तक लिहिलं. वेळ घालवायला आम्ही पत्ते खेळायचो!)

ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी. हिवाळ्यात आपल्या उजनीवरही दिसतो. बंदुका आणि अंडीचोर यांनी स्कॉटलंडमधून त्याचं नाव पुसलं होतं. १९५४ मध्ये एक जोडी लॉक गार्टनच्या परिसरात परतली. वॉटरस्टननी जागा गुप्त ठेवली, पहारे बसवले. तरीही जून १९५८ मध्ये रात्री एक चोर झाडावर चढलाच. पहारेकरी धावले, तो पळाला, अंडी फुटली. घरट्यात सापडली ती रंगवलेली कोंबडीची अंडी. पहारा असताना पोस्ट हातची गेली, की कमांडरला रात्रभर झोप लागत नाही. मी हे ऐकीव सांगत नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी उलटी चाल खेळली. झाडाला काटेरी तार, अंतरावर दुर्बिणी लावलेली ऑब्झर्व्हेशन पोस्ट, आणि लोकांना खुलं आमंत्रण. त्या हंगामात सुमारे १४,००० माणसं आली आणि तीन पिल्लं उडाली. वेबकॅमचा इतिहास केंब्रिजमधल्या १९९१ च्या कॉफीच्या भांड्यापासून सांगतात. मंडळी, माझ्या लेखी घरट्यावरच्या कॅमेऱ्याचा खरा पूर्वज ही ओपी.

पण वॉटरस्टनकडे रात्रंदिवस जागणारी माणसं होती. इथे मी एकटा, आणि आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडतात. म्हणून त्यांची अर्धीच चाल उचलली. पक्षी अंड्यावर बसल्यावर ढोलीशी खुडबुड करायची नाही, म्हणून कॅमेरा विणीच्या कितीतरी आधी बसवला. रात्रीसाठी इन्फ्रारेड, वीज आणि चित्र एकाच केबलमधून. प्रक्षेपण दिवाळी उलटल्यावर, तेही वेगळ्या नावाने.

पहिल्याच संध्याकाळी नात ओरडली, "आजोबा, देवळाची घंटा ऐकू येतेय!" आरतीची वेळ, पाठोपाठ रेल्वेची शिट्टी. गावातल्या कुणालाही जागा ओळखायला तेवढं पुरे. पस्तीस वर्षं जवानांना सांगत आलो, की शत्रू आधी ऐकतो, मग पाहतो. आणि चूक माझीच! मायक्रोफोन तिथल्या तिथे बंद केला.

मार्चमध्ये ढोलीत तीन पांढरी अंडी दिसली. 'आवाज येत नाही' अशी तक्रार रोज कुणीतरी करतं. करू दे.