कडुनिंबाचा प्रसाद

चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला, शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होताना महाराष्ट्रात खाल्ले जाणारे कडू-गोड मिश्रण. कडुनिंबाची कोवळी पाने व फुले, गूळ, चिंच, ओवा, मिरे, हिंग, जिरे आणि मीठ एकत्र वाटतात. काही घरी भिजवलेली हरभऱ्याची डाळही घालतात. वसंतात कडुनिंब फुलू लागतो, त्यामुळे ताजा फुलोरा आयता मिळतो. स्नानानंतर उपाशीपोटी थोडा खाण्याची रीत. त्याने वर्षभर आरोग्य लाभते, ही श्रद्धा. मुले मात्र चिमूटभरावर भागवून साखरगाठीकडे वळतात. याच दिवशी आंध्र-तेलंगणात साजऱ्या होणाऱ्या उगादीच्या पच्चडीत कैरीही असते आणि चवीला ती बरीच उजवी. कर्नाटकात साधे बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब व गूळ.