अंगणातली सदाफुली अन् बसस्टँडवरचं कुत्रं

मंडळी, जाफराबादच्या रस्त्यावर असं एखादं कुत्रं तुम्ही पाहिलं असेल. लघवीच्या जागी फुलकोबीसारखी गाठ, त्यातून थेंब थेंब रक्त. लोक "सडलंय" म्हणून दगड मारतात. (जाफराबादी म्हैस आपली नाही, गुजरातच्या जाफराबादची, पण हे कुत्रं आपलंच.)

बहुतेक वेळा हा कॅन्सर असतो, अन् तो संसर्गानं पसरतो. १८७६ साली रशियात नोविन्स्की नावाच्या पशुवैद्यानं अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. यात जंतू नसतो, कॅन्सरच्या पेशीच मिलनातून, चाटण्यातून पुढच्या कुत्र्यात जातात. २०१९ मध्ये ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा अभ्यास आला. सगळ्यांचं मूळ एकच निघालं, ४००० ते ८५०० वर्षांपूर्वी आशियात जगलेलं एक जनावर! ते कधीच मेलं, त्याचा कॅन्सर मात्र अजून गल्लोगल्ली फिरतोय. माणसाला तो लागत नाही.

आता औषधाचं ऐका. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे शास्त्रज्ञ मधुमेहासाठी सदाफुलीची पानं तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्याच झाडातून पुढं व्हिन्क्रिस्टीन निघालं, १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर ते आजही देतात. अन् या गाठीवरही तेच, आठवड्याला एक इंजेक्शन. बहुतेक कुत्री चार-सहा आठवड्यांत बरी होतात.

नेमक्या प्रथिनावर मारा करणारी औषधं नंतर आली. २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली पॅलाडिया गोळी त्यातलीच, कुत्र्यांच्या कातडीतल्या एका वेगळ्या गाठीसाठी. इब्रुटिनिब तर आधी लिम्फोमा झालेल्या ८ कुत्र्यांना देऊन पाहिलं, तिघांच्या गाठी आक्रसल्या. २०१३ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं. म्हणजे कुत्र्यांचे उपकार आपल्यावर आहेतच.

पण आपल्या बसस्टँडवरच्या कुत्र्याला असलं महागडं काही लागत नाही राव. नगरपंचायतीनं नसबंदीसाठी कुत्री धरली, की त्याच वेळी गाठ तपासून इंजेक्शन सुरू करावं, एवढी मागणी आपण लावून धरू. नसबंदीनं प्रसारही कमी होतो.

एक सांगून ठेवतो, घरी सदाफुलीचा पाला वाटून पाजू नका, विषारी आहे. इंजेक्शनही डॉक्टरांकडूनच, शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं.